कोर्टाची पायरी आणि वकिलाची पायरी



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण काही खोटी नाही. ज्या घरात वाटपाचा दावा शिरला, त्या घरातल्या बाईला विचारून पाहा. सासऱ्यांनी लावलेला दावा नवऱ्याने चालवला आणि आता मुलगा तीच फाइल काखेला मारून तारखांना हिंडतो आहे, असे ती सांगेल. तेव्हा कोर्टाची हौस कोणी धरू नये, हे अगदी मान्य.

पण या म्हणीचा आपण बायकांनी जरा भलताच अर्थ घेतला आहे. कोर्टाची पायरी नको म्हणून आपण वकिलाचीही पायरी चढत नाही. वास्तविक या दोन पायऱ्या वेगळ्या. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा पहिली चुकवायची असेल तर दुसरी वेळेवर चढावी लागते. आज त्याविषयीच बोलू या.

उदाहरण जवळचेच घेऊ. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा पाहा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या शिवारांत कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, त्याने घरांसाठी जमिनी घेतल्या. मग पाळी चाकणची. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. २००९ साली तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आज महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली ही नावे मोठमोठ्या कंपन्यांच्या पत्त्यांत वाचायला मिळतात.

यात ज्या जमिनी गेल्या त्या कोणाच्या तरी घरच्या होत्या. काल ज्या कोरडवाहू रानात बाजरीचे चार पोते निघायचे, त्याचा भाव एकदम लाखांत नि कोटींत बोलला जाऊ लागला. आणि मग एक मजेशीर गोष्ट घडली. लग्न होऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली, भाऊबीजेपुरती आठवणारी बहीण एकाएकी फार महत्त्वाची झाली! कारण जमीन घेणाऱ्याच्या वकिलाने कागद पाहिले आणि सांगितले, ‘‘बहिणींच्या सह्या आणा, त्याशिवाय व्यवहार पुरा व्हायचा नाही.’’

मग फोन येतो. ‘‘आक्का, उद्या खेडला यायचंय बरं का. काही नाही, नुसती एक सही आहे. गाडी पाठवतो.’’ आक्का नेसते लुगडे बदलून निघते. कचेरीत फोटो निघतो, अंगठा उमटतो. भावजय प्रेमाने जेवू घालते, नवी साडी हातावर ठेवते. रात्री आक्का घरी परतते ती खुशीत, आणि आपण हक्कसोडपत्रावर सही केली, म्हणजे बापाच्या जमिनीवरचा आपला हिस्सा कायमचा सोडला, हे तिला सहा महिन्यांनी कोणाकडून तरी कळते.

कायदा काय म्हणतो?

हे समजून घेण्यासाठी हिशेब सोपा करू या. समजा, वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे, आई आधीच वारलेली आहे, दोन भाऊ आणि एक बहीण. वडील मृत्युपत्र न करता वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलांना जन्मानेच हिस्सा मिळे. मुलीला मिळे तो फक्त वडिलांच्या हिश्शातला वाटा. म्हणजे वडील आणि दोन मुलगे यांचे तीन-तीन एकर धरायचे, आणि वडिलांच्या तीन एकरांत तिघांनी एकेक एकर घ्यायचा. भावांना चार-चार, बहिणीला एक.

महाराष्ट्राने यात १९९४ साली बदल केला. २२ जून १९९४ पूर्वी ज्या मुलीचे लग्न झालेले नव्हते, तिला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशाला दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाचीही अट गेली. तरी वाद राहिलाच, की त्या तारखेला वडील हयात नसतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, मुलीचा हक्क जन्मानेच, असे न्यायालयाने सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडता येत नाही. ‘‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती’’ एवढे म्हणूनही भागत नाही. त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

तेव्हा आपल्या नऊ एकरांत आक्काचा हिस्सा एक एकराचा नव्हे, तीन एकरांचा! हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे निराळे आहेत. त्यांनी ते आपल्या वकिलाकडून समजून घ्यावेत.

‘‘लग्नात दिलं की सगळं,’’ असे माहेरी म्हणतात. लग्नात केलेला खर्च म्हणजे जमिनीतला वाटा, असे कायदा मानत नाही. ‘‘सातबाऱ्यावर तुझं नाव कुठाय?’’ असेही विचारतात. सातबाऱ्यावरची नोंद ही मुख्यतः सारावसुलीची नोंद. तिथे नाव नाही म्हणून हक्क गेला असे होत नाही.

तो वकील कोणाचा?

आता मुद्द्याकडे येऊ. खेडच्या कचेरीत आक्कापुढे जो कागद आला तो कोणी तरी वकिलाने लिहिलेला होता. म्हणजे त्या व्यवहारात वकील होताच. फक्त तो आक्काचा नव्हता. तो भावाचा होता किंवा जमीन घेणाऱ्याचा होता. त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. वकिलाने आपल्या पक्षकाराचे हित पाहावे हा त्याचा धर्मच आहे. एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच कामात दुसऱ्या बाजूने उभे राहू नये, असा वकिलांच्या आचारसंहितेचा नियम आहे. तेव्हा ‘‘आपल्या घरचाच वकील आहे, तो काय वाईट सांगणार?’’ या बोलण्यावर विसंबू नका. घरचा वकील ज्याने नेमला त्याचा असतो.

यावर तुम्ही म्हणाल, ‘‘मी वेगळा वकील केला तर भाऊ काय म्हणेल? माहेर तुटेल ना!’’

ही भीती खोटी नाही. बाईला जमिनीपेक्षा माहेर मोठे वाटते, आणि त्यात काही चूक नाही. वकील मध्ये आला की भांडण वाढते, असे तर आपल्या कायद्यालाही वाटत आले आहे. कारखान्यांच्या या पट्ट्यातल्या बायकांना ठाऊक असेल, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेटाच्या बोलण्यात वकिलाला मज्जाव केला होता. कामगार न्यायालयातही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच वकील उभा राही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही वकील हा हक्क म्हणून ठेवलेला नाही. न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. हेतू हा की, माणसांनी माणसांशी सरळ बोलावे.

पण जरा विचार करा. समेटाच्या टेबलावर कामगार एकटा बसत नसे, त्याच्यामागे युनियन असे आणि समोर सरकारी अधिकारी असे. कुटुंब न्यायालयात न्यायाधीश असतात, समुपदेशक असतात. खेडच्या कचेरीत आक्कामागे कोण आहे? नवरा म्हणतो, ‘‘तुमच्या घरचं तुम्ही बघा,’’ किंवा मग जास्तच रस घेतो, आणि तेही तापच! गावातले चार शहाणे भावाच्या ओट्यावर चहा पितात. ज्या बोलणीत एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई, तिथे समेट होत नाही, नुसती सही होते. अशा वेळी तिच्या बाजूने बसणारे कोणी तरी हवे. ते काम वकिलाचे.

चांगला वकील काय करतो?

सिनेमातला वकील टेबलावर हात आपटतो. आपल्या कामाचा वकील बहुधा गप्प बसून ऐकतो. पहिल्या भेटीत तुम्ही त्याला भावजयीचे टोमणे, आईच्या पाटल्या, धाकट्याच्या लग्नातला मानपान असे सगळे सांगाल. त्यातले कायद्याचे काय आणि मनाचे काय, हे तो वेगळे करून देईल. हे नुसते वेगळे झाले तरी निम्मे भांडण हलके होते, बरं का!

मग तो कागद मागेल. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, वडिलांचा मृत्यूचा दाखला. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतो. कागद पाहून तुमचा हिस्सा नेमका किती आणि तो आज कोणत्या अवस्थेत आहे, हे तो सांगेल. कधी तो असेही सांगेल, की ‘‘बाई, यात तुमचा हक्क राहिलेला नाही.’’ तेही ऐकून घ्यावे. दहा वर्षे दावा लढवून कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

त्यानंतर पत्र. नोटिसाच धाडायला हव्यात असे नाही. शहाणा वकील प्रथम तुम्हालाच भावाशी बोलायला सांगतो आणि काय बोलायचे ते ठरवून देतो. ‘‘दादा, मला भांडायचं नाही. पण सही करण्याआधी कागद माझ्या वकिलांना दाखवीन,’’ एवढे वाक्य पुष्कळ असते. यावर जो भाऊ चिडतो, त्याच्या मनात काय होते तेही उमगते. आणि जो ‘‘दाखव की,’’ म्हणतो, त्याच्याशी तडजोड सोपी असते.

तडजोडीच्या वाटा वकिलाला पुष्कळ दिसतात. आपल्याला मात्र ‘सगळे सोडा’ किंवा ‘सगळे घ्या’ एवढ्या दोनच दिसतात. जमीन भावाने ठेवावी आणि बहिणीला मोबदल्यातला ठरलेला भाग द्यावा. आईच्या हयातीपर्यंत घर तसेच ठेवावे आणि मोकळ्या जमिनीचीच वाटणी करावी. बहिणीने अर्धा हिस्सा सोडावा, अर्धा राखावा. हे ठरले की ते लिहून, नोंदवून घेणे महत्त्वाचे. हक्कसोडपत्र असो वा वाटपपत्र, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. ‘पैसे मागाहून देतो’ या तोंडी शब्दावर नोंदवलेली सही देऊ नये. एकदा हक्क सुटला की मागाहूनचे पैसे मागायला तोंड उरत नाही.

वकिलाचे मोठे काम कोर्टाबाहेर असते, हे काही आजचे नाही. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, पण बाई म्हणून त्यांना वकिलीची सनद मिळेना. बायकांना ती मोकळीक १९२३ च्या कायद्याने झाली. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०४ पासून त्यांनी बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत पडदानशीन बायकांना सल्ला दिला. ज्यांना परपुरुषासमोर येता येत नव्हते, त्यांच्या इस्टेटीचे प्रश्न अंतःपुरात जाऊन ऐकले आणि बाहेर मांडले. एकट्या पडलेल्या बाईचे म्हणणे नीट शब्दांत दुसऱ्यापुढे ठेवणे, यालाही वकिलीच म्हणतात.

पैसे कुठून आणायचे?

‘‘हे सगळं खरं, पण फी?’’ हा प्रश्न येणारच. तर ऐका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. यात उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा पगार किती, हे कोणी विचारून नाही म्हणू शकत नाही. वकिलाची फी, कोर्टाचा खर्च, कागद लिहून देणे हे सारे त्यात येते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. पुण्याला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवण्याची सोयही याच कायद्याने केली आहे. तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील होत नाही. म्हणजे भांडण खरेच संपते! चालू दावा तिथे मिटला तर भरलेला कोर्ट-स्टँपही परत मिळतो. मात्र अपील नाही, म्हणूनच सही करण्यापूर्वी कागद पुरा वाचून घ्या.

वकिलाकडे जाताना

१. एकटीने जा किंवा पूर्ण विश्वासाचे एकच माणूस बरोबर न्या. चार नातेवाईक नेले तर तेच बोलतात.

२. घडलेल्या गोष्टी तारखांसह एका कागदावर लिहून न्या. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगा. पूर्वी कुठे सही केली असेल तर ती पहिली सांगा. तुम्ही सल्ल्यासाठी सांगितलेले गुप्त ठेवणे वकिलाला बंधनकारक आहे.

३. मूळ कागद देऊ नका, नकला द्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर कधीही सही नको.

४. फी आधी ठरवा, पावती मागा. ‘जमीन मिळाली की त्यात माझा इतका हिस्सा’ असा करार करणे वकिलांच्या नियमात बसत नाही.

५. वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. फी राहिली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडकवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

६. जो वकील पहिल्याच भेटीत ‘‘घाबरू नका, शंभर टक्के जिंकू’’ म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी विचार करा. ‘‘मिटवता येईल का ते आधी पाहू,’’ म्हणणारा शोधा.

मग कोर्ट कधीच नाही का?

असे नाही. जमीन उद्याच विकली जाते आहे, तुमचे नाव वगळून फेरफार होतो आहे, अशा वेळी वाट पाहणे म्हणजे हातचे घालवणे. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. विक्री थांबवायला न्यायालयाकडून मनाई हुकूम मागावा लागतो. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. ‘‘बघू, दिवाळीनंतर बोलू’’ करत ही मुदत निघून जाते. आणि जिथे मारहाण, धमकी आहे तिथे तडजोडीची घाई नको, आधी संरक्षण. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. दावा लागला तरी न्यायालय बहुधा दोघांना मध्यस्थीकडे पाठवून पाहते. तिथेही हिशेब समजलेली बाई आणि न समजलेली बाई यांच्या वाट्याला सारखे येत नाही.

शेवटी एक सांगते. हा लेख वाचून कोणी लगेच भावाच्या दारी नोटीस धाडावी, असा माझा मुळीच हेतू नाही. हक्क सोडणे हाही तुमचा हक्कच आहे. भाऊ अडचणीत आहे, त्यानेच आई-वडिलांचे केले, मला देवाने पुष्कळ दिले आहे, असे वाटून बहिणीने आपला हिस्सा सोडला तर ती मोठ्या मनाची गोष्ट. पण ती तीन एकर सोडते आहे हे तिला ठाऊक हवे आणि भावालाही ठाऊक हवे. न कळता केलेली सही पुढे कधी तरी कळते, आणि मग माहेर तुटायचे ते तेव्हा तुटते.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. माहेरच्या जमिनीचा सातबारा काढा, नीट वाचा, आणि वाचून जे समजले नाही ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या. तुमच्या जावेला, नणंदेलाही हे सांगा. कारण नणंद म्हणजे आपल्या घरची आक्काच की!